ट्रामचा पहिला धक्का

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. स्टर्न्स अँड किट्रेज ही कंपनी ती चालवायची आणि तिच्या तबेल्यात नऊशे घोडे होते, असं सांगितलं जातं. गाडीला जुंपायचे एक किंवा दोनच. मग नऊशे कशाला?

उत्तर चाकाच्या हिशेबात आहे. खडीच्या रस्त्यावर एक टनाची गाडी चालती ठेवायला साधारण वीस-तीस किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. लोखंडी रुळावर पाच-दहा किलोंत भागतं, कारण चाक रुतत नाही आणि रूळ दबत नाही. उतारूंनी भरलेली ट्राम चार टनांची धरली, तर एकदा वेग आल्यावर सपाटीवर तिला चाळीस किलोंचा जोर पुरे. घोडा स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका जोर बराच वेळ लावू शकतो. म्हणजे दोन घोड्यांना हे काम झेपणारं होतं.

पण ट्राम थांबते, आणि खरी कसोटी तिथेच लागते. तीच चार टनांची गाडी पाच सेकंदांत ताशी सात किलोमीटरच्या वेगाला न्यायची, तर वर आणखी सुमारे १६० किलोंचा जोर हवा. वजन दुप्पट झालं की हा जोरही दुप्पट. सुरुवातीला भाडं तीन आणे होतं. ट्राम लोकांना आवडली, भाडं दोन आण्यांवर आलं, आणि वाढत्या गर्दीचा भार घोड्यांच्या छातीवर पडला. कुणी उतरलं, कुणी चढलं, की ब्रेकने सगळा वेग संपायचा आणि जोडीला पुन्हा शून्यापासून ओढावं लागायचं. अशी जोडी दिवसभर टिकणं शक्यच नव्हतं. ताजे घोडे जुंपावेच लागत. उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर टोप्या चढवत.

७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. घोडा जिथे हरायचा, नेमकी तिथेच मोटर सरस ठरली: उभी गाडी हलवतानाच ती सर्वांत जास्त जोर लावते. म्हणून १९२० मध्ये दुमजली ट्रामही रुळांवर आणता आली.

मात्र जोर वाढला म्हणून सगळं सुटलं नाही. ज्या गुळगुळीतपणामुळे रुळावर गाडी सहज पळते, त्याच गुळगुळीतपणामुळे चाक घसरतं. जोर जास्त झाला की ते जागच्या जागी फिरतं, ब्रेक करकचून लावला की न फिरता सरपटतं. भिजलेल्या रुळावर तर जास्तच. त्यावर ट्रामवाल्यांचा जुना उपाय होता रुळावर वाळू सोडण्याचा.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव तेवढं उरलं. थांबण्या-निघण्याचा भार तोवर बराचसा लोकलवर आला होता. मुंबईत विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ पासून धावतच होती. करी रोड, परळ, दादर अशी जवळजवळची स्थानकं घेणाऱ्या गाडीला दर दोन-तीन मिनिटांनी शेकडो टन पुन्हा हलवावे लागतात. आजच्या नव्या गाड्यांत ब्रेक लावताना मोटरच जनित्राचं काम करते, आणि पूर्वी उष्णतेत वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो.