क्लोव्हरच्या मुळांतील प्रजा

हरभऱ्याचा बेवड गव्हाला मानवतो, हे आपल्या शेतकऱ्यास कोणा शास्त्रज्ञाने शिकविलेले नाही. युरोपात हाच मान क्लोव्हर या तीन पानांच्या चाऱ्याला होता. मात्र त्यामागील कारण उमगण्यास विज्ञानाला अर्धे शतक लागले.

फ्रान्समध्ये बूसँगो यांनी १८३८ च्या सुमारास वाळूत वाढविलेल्या क्लोव्हरमध्ये नत्राची भर पडते, गव्हात पडत नाही, असे दाखविले. पुढे इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट व प्यू यांनी १८५७-५८ मध्ये अधिक काटेकोर प्रयोग केले. त्यांनी माती भाजली, हवा धुऊन घेतली, रोपे काचेखाली ठेवली. आणि नत्र वाढले नाही! नत्र आणून देणारेच त्या भट्टीत नष्ट झाले होते. १८८६ साली बर्लिन येथे हेलरीगेल यांनी उलगडा केला: निर्जंतुक वाळूत उपाशी राहिलेला वाटाणा, शेतमातीचे थोडे पाणी मिळताच तरारतो. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठींतील जीवाणू वेगळा केला, आणि १८९६ मध्ये जर्मनीच्या नोब्बे व हिल्टनर यांनी त्याच्या विरजणाचे पेटंटही घेतले.

परंतु हे विरजण सर्वत्र सारखे लागेना. मातीतील मूळ रहिवासी पाहुण्याला थारा देत नसत. त्यांतील काही गाठी बांधीत, पण नत्र बेताचेच देत. यॉर्क विद्यापीठाच्या आवारातील अवघ्या एक चौरस मीटर जमिनीतून, क्लोव्हर व व्हेच यांच्या गाठींतून ७२ जीवाणू घेऊन त्यांचे जनुकसंच वाचण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकाच नावाखाली पाच वेगळे वंश आढळले. गाठी बांधण्याचे जनुक मात्र एकाच वंशाची मिरास नव्हते. हे जनुक बहुधा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यांवर असतात, आणि त्या कड्या एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

क्लोव्हरचेच भावंड असलेले बरसीम १९०४ मध्ये ईजिप्तहून सिंधमध्ये आले. ते नव्या शेतात पेरताना जुन्या बरसीमच्या शेतातील माती पसरावी, असा सल्ला देतात. सरकारी तक्त्यात एका पिकापुढे एकच जीवाणू लिहिणे सोयीचे असते. पण त्या मातीबरोबर येते ती एक अख्खी प्रजा. पाकिटातील निवडक जीवाणू उपयोगी आहेच. मात्र त्याला कोणत्या वस्तीत नांदावयाचे आहे, हे आधी पाहिले नाही, तर खर्च शेतकऱ्याच्या माथी आणि नत्र हवेतच राहील.