पहिले चोवीस तास

व्यक्तिस्वातंत्र्याचा कायदा शिकायला येणारे बहुतेक जण आधी सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले निकाल उघडतात. माझा आग्रह असा, की सुरुवात पोलीस ठाण्यापासून करावी.

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. दोघी जातमुचलक्यावर सुटल्या, पोलीस अधिकारी निलंबित झाले. याच अटकेमुळे श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ रद्द झाले.

या निकालाचे कौतुक झाले ते रास्तच. पण 66-अ कायम असतानाही ती अटक टाळता आली असती, हे फारसे कुणी सांगत नाही. त्या कलमाखाली शिक्षा होती जास्तीत जास्त तीन वर्षांची. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणे पोलिसांनी लिहून ठेवावीत, गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवावे, असे फौजदारी प्रक्रिया संहितेत 2010 पासूनच होते. 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने दंडाधिकाऱ्यांनाही बजावले, की ही कारणे न तपासता कोठडी देऊ नका. आज हा नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मध्ये आहे.

म्हणून अटकेचा मेमो नीट वाचायला शिका. त्यावर तारीख आणि वेळ असते, घरच्या किंवा परिसरातल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही असते. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचे, हे बंधन संविधानाच्या अनुच्छेद 22 चे. त्यामुळे वेळेची ती नोंद खोटी पडली तर पुढचे सगळेच डळमळते. नोव्हेंबर 2025 मध्ये मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: अटकेची कारणे लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत आणि रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी त्याच्या हाती पडायला हवीत.

स्थानबद्धतेची वाट मात्र निराळी. ठाणे, कल्याण, डोंबिवली ज्यांच्या हद्दीत येतात ते पोलीस आयुक्त ‘एमपीडीए’ या महाराष्ट्राच्या स्थानबद्धता कायद्याखाली खटल्याविनाच माणसाला आत ठेवण्याचा आदेश काढू शकतात, आणि ही मुदत वर्षापर्यंत जाऊ शकते. इथे चोवीस तासांचा नियम लागू नाही. सल्लागार मंडळ असते, निवेदन करता येते आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका करता येते. आणीबाणीत 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दारही बंद केले. नऊ उच्च न्यायालयांचे मत डावलून. पाचांपैकी एकट्या न्या. खन्नांनी विरोध नोंदवला. तो मुळातून वाचा, पण दुसऱ्या सत्रात.

पहिल्या सत्रात दुपारच्या रिमांडला कल्याण न्यायालयात मागच्या बाकावर बसा. आरोपीला वकील आहे का, कारणे त्याला कळली आहेत का, दंडाधिकारी त्याला काही विचारतात का, एवढेच टिपा. मग नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 उघडा. पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की काही अपवाद वगळता त्याला सोडावे, आणि त्यासाठी तुरुंग अधीक्षकानेच न्यायालयाला लेखी कळवावे, असे ते सांगते. ठाण्याच्या आणि आधारवाडीच्या तुरुंगातून असे अर्ज वेळेवर निघतात का, हा तुमच्या पहिल्या प्रबंधाचा विषय होऊ शकेल.