चार्ल्स बर्नची कवटी



सन १७८२. लंडन शहरात लोक पैसे मोजून एका एकवीस वर्षांच्या पोराला पाहायला जात होते. नाव चार्ल्स बर्न, राहणारा आयर्लंडच्या उत्तर भागातला. उंची साडेसात फुटांच्याही वर. पुढच्याच साली तो वारला. शस्त्रवैद्य आपला देह सोडणार नाहीत ही धास्ती त्याने घेतली होती. म्हणून मला समुद्रात बुडवा, असे तो सांगून गेला. पण जॉन हंटर या नामांकित शस्त्रवैद्याने पैसे चारून तो देह मिळवला आणि सांगाडा संग्रहालयात उभा केला. हे काही चांगले झाले नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढची हकीकत त्याच सांगाड्यावर उभी आहे.

सव्वाशे वर्षांनी, १९०९ साली, अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनी ती कवटी उघडवून पाहिली. मेंदूच्या तळाशी हाडाची एक खोबण असते. तीत हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्यूटरी, बसते. बर्नची खोबण भलतीच मोठी निघाली. ग्रंथीला गाठ झाली होती, तिनेच वाढीचा रस बेसुमार सोडला होता.

मग पीयूषिकाच सगळ्या ग्रंथींची राणी, असे लोक म्हणू लागले. पण राणीलाही हुकूम येतात! तिच्या अगदी वर मेंदूचा एक छोटा भाग आहे, त्याचे नाव हायपोथॅलॅमस. दोघांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचा पाट आहे. जेफ्री हॅरिस आणि डोरा याकोबसन यांनी १९५२ साली उंदरांच्या माद्यांची ग्रंथी काढून दुसरी ग्रंथी त्या पाटापाशी लावली, तेव्हा माद्यांचे ऋतुचक्र परत सुरू झाले. तशीच ग्रंथी मेंदूखाली दुसरीकडे लावली, तर ती मुकीच राहिली.

आपल्या कालव्यावरचा पाटकरी आठवा. वरून चिठ्ठी आली की तो दार उघडतो. शेत भिजल्याची खबर वर गेली की 'बंद कर' अशी चिठ्ठी येते. वाढीच्या रसाचेही तसेच. 'सोड' हा एक निरोप, 'थांब' हा दुसरा. रक्तात रस वाढला की हायपोथॅलॅमसला कळते आणि तो 'सोड' कमी करून 'थांब' वाढवतो. गाठ झालेली ग्रंथी मात्र ऐकतच नाही. वरचा बिचारा 'थांब, थांब' म्हणतो, खाली दार सताड उघडे. शिवाय गाठ शेजारचा निरोगी भाग दाबते, तेव्हा गळ्यातली थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी, जननग्रंथी यांना जाणारे हुकूम आटतात. एकीकडे पूर, दुसरीकडे दुष्काळ. वयात येण्याआधी हे झाले तर हाडे लांबतात. मोठेपणी झाले तर हातपाय आणि जबडा रुंदावतो.

गुरुजनहो, वर्गातला एखादा मुलगा भराभर ताडासारखा वाढू लागला, डोके दुखते, फळा नीट दिसत नाही म्हणू लागला, तर त्याची थट्टा होऊ देऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा. आता औषधे आहेत, शस्त्रक्रिया आहे. बर्नला यातले काहीच नव्हते.

२०११ साली त्याच्या दातांतून एक आनुवंशिक दोष सापडला. तोच दोष उत्तर आयर्लंडातल्या आजच्या काही कुटुंबांतही निघाला. त्यांच्या मुलांची तपासणी आता वेळेवर करता येते. संग्रहालय २०२३ साली पुन्हा उघडले, तेव्हा सांगाडा दर्शनी कपाटातून काढला होता. समुद्रात मात्र तो अजून गेलेला नाही.