व्रणाचे पथ्य: दुधाच्या पेल्याने गाजवलेले अर्धशतक (थ्रेड)

१/ शिकागो, १९१५. जठरातील व्रणाने, म्हणजेच अल्सरने, बेजार झालेला रुग्ण. सकाळी सात वाजता त्याला दूध आणि मलई समप्रमाणात मिसळून तीन औंस, म्हणजे जेमतेम ९० मिलिलिटर दिले जाई. आठला तेवढेच, नऊला तेवढेच, संध्याकाळी सातपर्यंत हाच क्रम. मधल्या वेळी खाण्याच्या सोड्यासारखी क्षारयुक्त पूड.

२/ या पथ्याचे जनक डॉ. बर्ट्राम सिपी. पाच वर्षांपूर्वीच, १९१० मध्ये, कार्ल श्वार्त्स या शल्यविशारदाने सूत्र मांडले होते: आम्ल नसेल तर व्रणही नाही. सिपी यांनी त्या सूत्राचे वेळापत्रक केले. आम्लाला दिवसभर उसंतच द्यायची नाही. मग जखम आपोआप भरून येईल.

३/ रुग्णांना आराम पडे, आणि तो आराम खरा होता. दूध पोटात गेले की जळजळ शमते, हा अनुभव कोण नाकारणार? काही दिवसांनी अंडी आणि लापशी सुरू होई. हे पथ्य अनेक देशांत पोहोचले आणि दशकानुदशके टिकले. मात्र वेदना शमणे आणि व्रण भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद मागे पडला.

४/ पथ्याची किंमतही होती. दूध आणि क्षार यांच्या अतिरेकाने काही रुग्णांना मळमळ, डोकेदुखी, गुंगी जाणवू लागली. मूत्रपिंडांना इजा झाली. १९२३ मध्येच अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय साहित्यात झाली. तरीही पथ्य चालूच राहिले.

५/ व्रणातून रक्तस्राव होऊ लागला, तर नियम याहून कठोर. जठराला पूर्ण विश्रांती हवी, म्हणून कित्येक दिवस तोंडाने जवळपास काहीच द्यायचे नाही. आधीच रक्त गमावून पांढराफटक पडलेला रुग्ण वर उपाशी. हेतू रक्षणाचा होता; पण त्यात माणसाची उरलीसुरली शक्तीही जाई.

६/ कोपनहेगनच्या बिस्पेबियर्ग रुग्णालयात डॉ. आयनार मॉयलेनग्राख्ट यांनी १९३० च्या दशकात हा नियम मोडला. रक्तस्रावाच्या रुग्णाला पहिल्याच दिवसापासून जेवण: पाव, लोणी, लापशी, शिजवून मऊ केलेल्या भाज्या, बारीक केलेले मांस, चहा, आणि जोडीला लोह. भूक असेल तितके खावे, असा आदेश.

७/ त्यांचा युक्तिवाद साधा होता. उपाशी जठरातही आम्ल पाझरतेच. मग रक्त गमावलेल्या माणसाला अन्नावाचून का ठेवावे? त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. समकालीनांना हे अविश्वसनीय वाटले. हळूहळू इतरत्रही रुग्णांच्या पुढ्यात ताट आले.

८/ पथ्याने व्रण खरोखर भरतो का, याची काटेकोर तुलना लंडनमध्ये झाली. १९५६ मध्ये रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खास पथ्य पाळणाऱ्यांचे जठरव्रण नेहमीचे अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने भरत नाहीत. धूम्रपान सोडण्याचा लाभ मात्र दिसला.

९/ त्यानंतर दुधाचा पाया ढासळत गेला. १९६० मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधील १५ रुग्णालयांच्या शवविच्छेदन नोंदींत, दूधप्रधान पथ्यावरील व्रणरुग्णांत हृदयविकाराचे झटके अधिक आढळले. १९७६ च्या प्रयोगात तर दूध प्यायल्यावर आम्लाचा पाझर वाढतो, असे दिसले. जो पेला आम्ल शमवतो म्हणून पाजला, तोच पुढे ते वाढवत होता.

१०/ खरा कारक पर्थमध्ये सापडला. रॉबिन वॉरेन यांना जठराच्या नमुन्यांत वळणदार जिवाणू दिसत होते. बॅरी मार्शल ते वाढवू पाहत होते. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत काचबश्या नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या, आणि जिवाणू उगवले. आज त्यांना हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात.

११/ १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जिवाणू स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला दाह झाला. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. बहुतेक व्रणांमागे हा जिवाणू किंवा काही वेदनाशामक गोळ्या असतात. जिवाणू असेल तर प्रतिजैविकांचा ठरावीक कालावधीचा उपचार पुरतो. आयुष्यभराचे पथ्य लागत नाही.

१२/ मग मिरचीचे काय? १९८८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना तिखट जेवण देऊन दुर्बिणीने त्यांचे जठर तपासले. दखल घेण्याजोगी इजा दिसली नाही. ज्याने त्रास होतो ते टाळावे, हे शहाणपण आजही खरे. पण व्रण झाला म्हणून सपक, अपुरे खाऊन खंगत जावे, याला आधार नाही. काळी शौचास किंवा रक्ताची उलटी झाली, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

१३/ सिपी लबाड नव्हते. आम्ल जखम चिघळवते, हे त्यांचे निरीक्षण बरोबरच होते. चूक झाली ती पुढे: रुग्णाला बरे वाटते एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या समाधान मानले गेले. मॉयलेनग्राख्ट यांनी मृत्यू मोजले, डॉल यांनी व्रण मोजले, आणि मोजणी सुरू झाली तेव्हाच रुग्णाचे जेवण त्याला परत मिळाले.