संचायक घट आणि चार्जिंगचे नियम : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विद्युतघट पुन्हा भारित करता येतो, या शोधाला दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. या काळात घटाची रसायने बदलली आणि त्यांबरोबर चार्जिंगचे नियमही बदलले. वापरणाऱ्यांच्या सवयी मात्र त्या गतीने बदलल्या नाहीत. ‘मोबाइलची बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये’ हा सल्ला आजही ऐकू येतो. तो कोठून आला आणि आज अपायकारक का ठरतो, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शिसे-आम्ल घट

१८५९ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात ठेवून पहिला व्यवहार्य संचायक घट तयार केला. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन त्याची धारकता वाढविली. हा घट अधिक भारित केल्यास पाण्याचे अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. म्हणून हवेशीर जागा, ठिणगीपासून अंतर आणि ऊर्ध्वपातित पाण्याची भर हे नियम रूढ झाले. घट दीर्घकाळ उतरलेला राहिल्यास पट्टिकांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचून धारकता घटते. भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टर वापरणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांना हे अनुभवाने ठाऊक आहे. थोडक्यात, हा घट भरलेला ठेवणे हिताचे.

निकेल-कॅडमियम घट

१८९९ मध्ये स्वीडनचे वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम घट शोधला. तो वारंवार एकाच पातळीपर्यंत वापरून पुन्हा भारित केल्यास पुढे त्याच पातळीपाशी व्होल्टता घसरू शकते. यास ‘स्मृतिपरिणाम’ म्हणतात. अधूनमधून घट पूर्ण उतरविणे हा त्यावरील उपाय होता. उपरोक्त सल्ल्याचे मूळ येथे आहे. त्या रसायनापुरता तो योग्यच होता.

लिथियम-आयन घट

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूचा पुनर्भारणक्षम घट विकसित केला. परंतु चार्जिंगच्या वेळी लिथियमचे सुईसारखे तंतू वाढत व अंतर्गत लघुमंडल होऊन आगीचा धोका उद्भवे. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र सुचविला. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूच्या जागी कार्बनी पदार्थ वापरला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने हा घट बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि धोका संपला नाही. तो मर्यादेत आला. कोबाल्ट ऑक्साइडच्या प्रचलित घटात ही मर्यादा सामान्यतः ४.२ व्होल्ट असते. ती ओलांडल्यास, तसेच शून्य अंश सेल्सिअसखाली भारित केल्यास, ग्रॅफाइटवर लिथियम धातू साचू शकतो. उलटपक्षी घट अति उतरल्यास आतील तांबे विरघळून पुढील चार्जिंगमध्ये लघुमंडल संभवते. व्यवहारात जाणवेल असा स्मृतिपरिणाम या घटात नाही. म्हणून साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानचा वापर, उष्णतेपासून बचाव, योग्य चार्जर आणि फुगलेल्या बॅटरीचा तात्काळ त्याग हे आजचे नियम होत.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विद्युत दुचाकी पेटली. त्या वर्षी देशात अशा इतरही घटना घडल्या. केंद्र शासनाने एआयएस १५६ या मानकात सुधारणा करून बॅटरीच्या सुरक्षेच्या अटी कठोर केल्या. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. वापरणाऱ्याची दक्षता आवश्यक असली तरी ती सदोष रचनेची भरपाई करू शकत नाही, हे यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

शिसे-आम्ल घट भरलेला ठेवावा, निकेल-कॅडमियम घट अधूनमधून पूर्ण उतरवावा, लिथियम-आयन घट दोन्ही टोकांपासून दूर ठेवावा. हे तिन्ही नियम आपापल्या ठिकाणी सत्य आहेत. एकाचा नियम दुसऱ्यास लावला की हानी होते. प्रयोगशाळेत, वसतिगृहात वा घरी बॅटरी चार्जिंगला लावण्यापूर्वी तिच्यावरील रसायनाचे नाव वाचणे, ही या इतिहासाची सर्वांत उपयुक्त शिकवण होय.