बुधावरचे न संपणारे युद्ध

१९२२ साली लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने एक जाडजूड कादंबरी काढली. नाव ‘द वर्म ऑरोबोरोस’, लेखक एरिक रूकर एडिसन. विजेच्या दिव्याच्या एडिसनशी याचे नाते नाही. इंग्रजीत आडनावाची अक्षरेही वेगळी आहेत. कथा घडते बुध ग्रहावर. परग्रह, जादू, तलवारी आणि साहस यांचे मिश्रण असलेल्या विज्ञान-अद्भुतिकांच्या इतिहासात या पुस्तकाचे नाव हटकून येते, आणि त्याच्यामागे ‘नॉर्स पुराणकथांच्या प्रेरणेने लिहिलेले’ हे शब्दही येतात.

गेली अनेक वर्षे मी फावल्या वेळात नॉर्स, म्हणजे आइसलंड-नॉर्वेकडच्या जुन्या कथांचा अभ्यास करतो आहे. त्या विषयातली पदवी माझ्यापाशी नाही. भाषांतरे, कोश आणि चिकाटी एवढेच भांडवल. या अभ्यासातून माझे असे मत झाले आहे की, एडिसनने नॉर्स पुराणातून काय घेतले हे जितके सांगण्याजोगे आहे, त्याहून त्याने काय गाळले हे अधिक सांगण्याजोगे आहे. ते गाळणे युद्धाविषयी आहे, आणि पुस्तक पहिले महायुद्ध संपल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी आले आहे.

प्रथम लेखकाविषयी. एडिसनचा जन्म १८८२ साली लीड्सजवळच्या अ‍ॅडेल येथे झाला. शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डचे ट्रिनिटी कॉलेज येथे. १९०६ ते १९३८ तो ब्रिटिश सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये, म्हणजे व्यापार खात्यात, अधिकारी होता. दिवसा फायली आणि उरलेल्या वेळात जुनी आइसलंडी भाषा, असे त्याचे आयुष्य. १९२६ साली त्याने वायकिंग काळावर ‘स्टिरबियोर्न द स्ट्राँग’ ही कादंबरी लिहिली आणि १९३० साली ‘एगिल्स सागा’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. नॉर्स साहित्याशी त्याची ओळख वरवरची नव्हती हे यावरून दिसेल.

आता कथा. लेसिंगहॅम नावाचा एक इंग्रज गृहस्थ हिप्पोग्रिफ जोडलेल्या रथातून रातोरात बुधावर पोहोचतो. हिप्पोग्रिफ म्हणजे अर्धा गरुड, अर्धा घोडा. पहिल्या काही प्रकरणांनंतर लेखक या लेसिंगहॅमला विसरूनच जातो. बुधावर डेमनलँड आणि विचलँड अशी राज्ये आहेत. डेमन म्हणजे राक्षस, पण ही मंडळी चांगली हाडामांसाची माणसे आहेत. त्यांना शिंगे असल्याचा उल्लेख सुरुवातीला येतो आणि मग शिंगांचेही विस्मरण होते. विचलँडचा राजा अकरावा गोराइस याचा दूत डेमनलँडच्या दरबारात येऊन शरणागती मागतो. कुस्तीने निकाल लावायचे ठरते. कुस्तीत गोल्ड्री ब्लुस्को त्या राजाला ठार करतो. लगेच बारावा गोराइस गादीवर येतो आणि मंत्रविद्येने गोल्ड्रीला उचलून दूरच्या पर्वतशिखरावर कैद करतो. भावाला सोडवण्यासाठी लॉर्ड जस आणि त्याचा नातलग ब्रँडॉक डाहा हिमशिखरे चढतात. इकडे मायदेशावर शत्रू चालून येतो. शेवटी विचलँडचा पूर्ण पाडाव होतो.

यात विज्ञान किती? जवळजवळ शून्य. १८८९ साली इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेली याने जाहीर केले होते की, बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते. एडिसनच्या काळी हेच मत मान्य होते. ते चुकीचे असल्याचे १९६५ साली रडारने कळले. म्हणजे १९२२ च्या समजुतीप्रमाणे बुधाच्या एका बाजूला अखंड दिवस आणि दुसऱ्या बाजूला अखंड रात्र. एडिसनच्या बुधावर मात्र पहाट होते, बर्फ पडते, समुद्रात गलबते चालतात. त्याला ग्रह हवा होता तो केवळ अंतरासाठी: इथले कायदे जिथे लागू नाहीत अशी जागा म्हणून.

आणि नॉर्स किती? ओडिन आणि थॉर तर औषधालाही सापडत नाहीत. पात्रे शपथा घेतात त्या ग्रीक देवांच्या. नॉर्स धागा नावात नसून आकृतीत आहे, आणि त्याची खूण पुस्तकाच्या शीर्षकातच आहे. ‘वर्म’ म्हणजे इथे किडा नव्हे. जुन्या इंग्रजीत आणि नॉर्समध्ये या शब्दाचा अर्थ नाग, अजगर असा होतो. ऑरोबोरोस हा स्वतःचे शेपूट गिळणारा ग्रीक नाग. आणि नॉर्स पुराणातला मिडगार्डचा महासर्प समुद्रात सगळ्या पृथ्वीला वेढून स्वतःचे शेपूट दातांत धरून पडलेला असतो. तेराव्या शतकातल्या स्नोरी स्टुर्लुसन या आइसलंडी पंडिताने त्याचे असे वर्णन केले आहे. एडिसनच्या कादंबरीत या नागाच्या आकाराची अंगठी आहे. ती शत्रूच्या, म्हणजे गोराइसच्या बोटात असते. एक गोराइस मेला की दुसरा उभा राहतो, आणि आतला जीव तोच असतो. वर्तुळ ही शत्रूची खूण आहे हे ध्यानात ठेवावे.

कारण शेवटच्या प्रकरणात नवल घडते. विजयी वीर उदास होतात. लढायला कोणी उरले नाही, आता शेतीवाडी आणि शिकार करत म्हातारे व्हायचे, हे त्यांना सोसवत नाही. आपले थोर शत्रू पुन्हा जिवंत व्हावेत असे त्यांना वाटते. त्यांच्या वतीने राणी सोफोनिस्बा देवांकडे मागणे मागते. तेवढ्यात वर्दी येते: विचलँडचा दूत भेटीसाठी आला आहे. पहिल्या प्रकरणातला प्रसंग जसाच्या तसा. पुस्तकाने स्वतःचे शेपूट तोंडात घेतलेले असते.

ही कल्पना एडिसनला कुठे मिळाली असावी? नॉर्स साहित्यात तिची दोन मुळे दिसतात. पहिले वल्हालाचे. रणात पडलेले निवडक वीर ओडिनच्या वल्हाला या महालात जातात. त्यांना ‘आइनहेरियर’ म्हणतात. ते रोज एकमेकांशी लढतात, पडतात, आणि संध्याकाळी उठून एका पंगतीला बसतात. रोज कापला जाणारा आणि रोज पुन्हा जिवंत होणारा सेह्रिम्निर नावाचा डुक्कर त्यांचे जेवण असतो. दुसरे मूळ हेदिन आणि होग्नी यांच्या युद्धाचे. हेदिन होग्नीची मुलगी हिल्द हिला पळवून नेतो. दोन्ही सैन्ये भिडतात, आणि हिल्द दर रात्री मेलेल्यांना मंत्राने उठवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वल्हालाच्या बाबतीत एक गंमत सांगतो. जुन्या कवितेप्रमाणे वल्हालाला पाचशे चाळीस दारे आहेत आणि प्रत्येक दारातून आठशे वीर बाहेर पडतील. गुणाकार ४,३२,००० येतो, म्हणजे आपल्या कलियुगाची वर्षे. हे वाचून मीही चमकलो होतो. पण जुन्या नॉर्स मोजणीत ‘शंभर’ म्हणजे बहुधा एकशे वीस. तसे धरले तर दारे ६४०, वीर ९६० आणि गुणाकार ६,१४,४००. तेव्हा या आकड्यावर नातेसंबंधाचे मनोरे न रचणेच बरे. त्या आकड्यापेक्षा ते वीर दारांतून कशासाठी बाहेर पडतील हे महत्त्वाचे आहे.

ते बाहेर पडतील फेनरिर लांडग्याशी लढायला, राग्नारोकच्या दिवशी. वल्हालातले रोजचे युद्ध ही त्या एका दिवसाची तालीम आहे, आणि त्या दिवशी ते हरणार आहेत. लांडगा ओडिनला गिळतो. थॉर महासर्पाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावलांवर स्वतः कोसळतो. हे सारे ओडिनला आधीपासून ठाऊक आहे. हेदिन आणि होग्नीचे युद्धही राग्नारोकपर्यंतच चालायचे आहे, आणि ते कोणाचे बक्षीस नाही, तो शाप आहे. टोल्कीनने १९३६ सालच्या ‘बेओवुल्फ’वरील व्याख्यानात उत्तरेकडच्या शौर्याचे मर्म हेच सांगितले: हरणाऱ्या पक्षाच्या बाजूने उभे राहायचे, आणि हरलो म्हणून आपले चुकले असे मानायचे नाही.

एडिसनने रोजची लढाई घेतली, संध्याकाळची पंगत घेतली, आणि राग्नारोक गाळले. शेवटच नसलेले वल्हाला त्याने बुधावर बांधले. हरणाऱ्यांची ओढ त्याच्या पुस्तकात एकाच पात्राला आहे. तो लॉर्ड ग्रो. विजय मिळू लागला की त्या पक्षावरून याचे मन उडते आणि पडत्या पक्षाकडे जाते. सगळे त्याला फितूर म्हणतात, आणि शेवटच्या लढाईत पुन्हा पक्ष बदलताना तो मारला जातो. मला तो साऱ्या कादंबरीतला सर्वांत नॉर्स माणूस वाटतो.

एडिसनची बाजूही मांडली पाहिजे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात त्याची लहानपणची चित्रांची वही आहे, सुमारे १८९२ सालची. दहा वर्षांच्या मुलाने काढलेल्या त्या चित्रांत गोल्ड्रीसारखी कादंबरीतली पात्रे आधीच हजर आहेत. हे कळल्यावर शेवट वेगळा दिसू लागतो. मुले लढाई लढाई खेळतात, मरतात, चहाच्या वेळी उठतात आणि उद्या पुन्हा खेळू म्हणतात. जसचे मागणे म्हणजे ते ‘पुन्हा खेळू’ आहे. महायुद्ध त्या खेळाच्या नंतर आले.

पण पुस्तक छापले गेले ते महायुद्धानंतर, ब्रिटनचे सुमारे सात लाख सैनिक मेल्यावर. बुधावरचे युद्ध पुन्हा सुरू होणार म्हणजे त्यात पडलेले साधे सैनिकही पुन्हा मरणार. मागणे मागताना त्यांना कोणी विचारत नाही. टोल्कीन १९१६ साली सोमच्या आघाडीवर होता, सी. एस. लुईस १९१८ साली जखमी झाला होता. १९४० च्या दशकात एडिसन ऑक्सफर्डला या दोघांच्या मंडळींत गेला आणि त्याने आपले लेखन वाचून दाखवले. लुईस त्याचा चाहता होता. टोल्कीनने पुढे एका पत्रात कल्पित जगांचा निर्माता म्हणून त्याची थोरवी मान्य केली, पण त्याचे तत्त्वज्ञान आपल्याला पटत नाही हेही स्पष्ट लिहिले.

मराठी वाचकाला इथे महाभारताचे आश्रमवासिक पर्व आठवेल. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी व्यास गंगेतून मेलेल्या वीरांना एका रात्रीपुरते वर आणतात. कौरव येतात, पांडवांची मुले येतात. मनात वैर न ठेवता सगळे भेटतात आणि सकाळी परत जातात. मेलेले परत यावेत ही इच्छा तीच. पण कुणीही त्यांना पुन्हा कुरुक्षेत्रावर बोलावत नाही.

आणि नॉर्स कवितेचा शेवटही असाच आहे. ‘वोलुस्पा’ ही कविता ज्या हस्तलिखितात आहे, ते तेराव्या शतकातले. १६६२ साली ते डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि १९७१ साली आइसलंडला परत मिळाले. त्या कवितेत राग्नारोकनंतर समुद्रातून पृथ्वी पुन्हा हिरवीगार वर येते. न पेरता शेते पिकतात. बाल्डर परत येतो, आणि ज्याच्या हातून तो मेला तो आंधळा होड्रही येतो. दोघे एकत्र राहतात. जगाच्या आरंभी देव ज्या सोन्याच्या सोंगट्यांनी खेळत होते, त्या गवतात सापडतात. पुन्हा डाव मांडला गेला, असे मात्र ती कविता कुठेही म्हणत नाही.