पेट्रोलची टाकी वर होती तेव्हा

तुमच्या घरी कधी जुनी फियाट असेल, तर हे दृश्य आठवेल. मे महिना, घाटाची चढण, गाडी आचके देत बंद पडते. कोणीतरी बॉनेट उघडतं आणि इंजिनाला लागून असलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकतं. थोड्या वेळाने गाडी चालू! तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंप द्रव नीट ओढतो, वाफ आली की अडतो. याला व्हेपर लॉक म्हणतात. घाटात कडेला थांबता येतं. नुकतंच जमीन सोडलेल्या विमानाला ती सोय नाही.

माझं संशोधन हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या विमानांवर आहे. मला पडलेला प्रश्न साधा होता: इंजिनाच्या उष्णतेची ही धास्ती पहिल्यापासून होती का?

नव्हती. १७ डिसेंबर १९०३ ला उडालेलं राइट बंधूंचं विमान घ्या. तेही स्वतः बांधलेलंच की! त्यात पेट्रोलचा पंप नव्हता. पेट्रोल उंचावरच्या डब्यातून आपोआप खाली येई आणि इंजिनाच्या उष्णतेनेच त्याची वाफ होई. उष्णता तिथे कामाची होती. १९२९ मध्ये मिनेसोटात बर्नार्ड पीटेनपोल यांनी ‘एअर कँपर’ला फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवलं. तिथेही पेट्रोल वजनानेच खाली यायचं.

मग बिघडलं कुठे? टाकी खाली गेली तिथे. वेगासाठी इंजिन घट्ट आवरणात गेलं, पंख खाली आले आणि टाक्या पंखांत शिरल्या. १९७९ चं आरव्ही-४ हे असंच विमान. आता पेट्रोल वर ओढायला पंप हवा, आणि तो बसतो गरम इंजिनावरच. त्यात मेख अशी, की ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं.

पुढे स्वस्त इंधनाचा मोह आला. विमानाच्या पेट्रोलचा वाफदाब ३८ अंश सेल्सिअसला ४९ किलोपास्कलपेक्षा जास्त चालत नाही. थंड देशांत हिवाळ्यात विकलं जाणारं मोटारीचं पेट्रोल त्याच्या दुपटीपर्यंत जातं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने सेसना १५० साठी मोटारीच्या पेट्रोलची मंजुरी मिळवली. पण त्या विमानाच्या टाक्या वरच्या पंखांत असतात! तिथे जमलं म्हणून खालच्या पंखांच्या विमानात जमेलच, असं नाही.

म्हणून बांधणारे काय करतात? टाकीच्या बाजूला विजेचा पंप बसवून पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतात. एक्झॉस्ट आणि नळी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा घालतात. पंपावर बाहेरची गार हवा सोडतात. नळीवर अग्निरोधक बाही चढवतात. मात्र तिने उष्णता उशिरा पोचते, थांबत नाही. विमान उतरून इंजिन बंद झालं की हवेचा झोत थांबतो आणि आवरणाखाली सगळंच तापत जातं. तेवढ्यात घाईने पुन्हा उड्डाण करणं, हा खरा धोक्याचा क्षण.

तेव्हा एखादं छोटं विमान दिसलं, तर आधी एवढंच बघा: टाकी इंजिनाच्या वर आहे की खाली? बाकीचे हे उपाय कशासाठी आहेत, ते तिथूनच कळायला लागतं.